टाकीत पाणी आहे, पंप चालू आहे, तरी नळ कोरडा: जुन्या कॅराव्हॅनचं पाणी समजून घेऊ

शिरपूरच्या माझ्या मामांनी एका बंद पडलेल्या रस्त्याच्या कामाच्या कॅम्पवरून एक जुनी विलायती कॅराव्हॅन घेतली, दोन चाकांची, मागे ओढायची, आत दोन बाकं, छोटा ओटा आणि एक सिंक. दोन वर्षं ती शेतात निंबाखाली उभी होती. मग ठरलं की तिला नीट करायची आणि डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन जायची, चार दिवस घोडेबाजारात तिथेच मुक्काम. पत्रा झाला, टायर झाले, गाद्या झाल्या, सगळं झालं आणि गाडी अडली ती पाण्यावर. मामा नळ सोडून उभे आणि मला म्हणतात, "टाकीमा पानी शे, पंप चालू शे, मंग नयमा पानी का बरं येत नही?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही सगळी सिस्टीम उघडली आणि परत जोडली, त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. जुनी कॅराव्हॅन असो, जुन्या मिनीबसचं केलेलं घर असो नाहीतर यात्रेची गाडी, सगळ्यांचं पाणी एकाच तत्त्वावर चालतं. आणि आपल्या खान्देशातल्या माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याने हे सगळं मोठ्या मापात आधीच बघितलेलं असतं.

ठिबकमधे काय असतं बघा. विहीर, मोटर, फिल्टर, मेन, सबमेन, एअर व्हॉल्व्ह, शेवटी नळ्या आणि टोकाला फ्लश. कॅराव्हॅनमधे विहिरीच्या जागी टाकी, मोटरच्या जागी बारा व्होल्टचा छोटा पंप, फिल्टरच्या जागी मुठीएवढी जाळी, सबमेनच्या जागी बोटाएवढी नळी, एअर व्हॉल्व्हच्या जागी टाकीचं श्वास घ्यायचं नळकांडं, आणि फ्लशच्या जागी सगळ्यात खालच्या पॉइंटला असलेला पाणी सोडायचा कॉक. एवढंच. फरक इतकाच की शेतात लाईन फुटली तर पाणी दिसतं, इथे ते प्लायवूडच्या मागे महिनोन्‌महिने मुरत राहतं आणि एक दिवस फरशीत पाय जातो. म्हणून घाई न करता विहिरीकडून नळाकडे जायचं, उलट नाही. बहुतेक लोक सुरुवात नळापासून करतात कारण नळ समोर असतो, आणि तिथेच पैसे वाया जातात.

सुरुवात करायच्या आधी आपल्या गाडीत मुळात काय होतं ते ओळखा. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश कॅराव्हॅनमधे बहुतेक वेळा आत टाकीच नसायची, बाहेर पाण्याचा कॅन ठेवायचा, त्यात नळी सोडायची आणि सिंकजवळच्या पायाच्या नाहीतर हाताच्या पंपाने पाणी वर घ्यायचं. त्याच जमान्यातल्या आणि त्याआधीच्या बऱ्याच अमेरिकन ट्रेलरमधे आत बंद टाकी असायची, तिच्यात हवा भरून दाब द्यायचे आणि तो दाबच पाणी नळापर्यंत ढकलायचा, पंप पाण्याला लागायचाच नाही. हे माहीत नसेल तर माणूस अशी हवेची टाकी बघून गोंधळतो की हिला हवा भरायचा व्हॉल्व्ह कशाला. आमच्या गाडीत मूळचा पायाचा पंप होता आणि कॅम्पवाल्यांनी नंतर कधीतरी पत्र्याची टाकी आणि इलेक्ट्रिक पंप बसवलेला, म्हणजे दोन जमाने एकमेकांना जोडलेले, आणि जोड नेमका तिथेच फसवा होता, त्याबद्दल पुढे.

पाईप कशाचा आहे तेही बघा. तांब्याचा पाईप आणि त्याला डाग मारून, म्हणजे सोल्डर करून जोडलेले जॉइंट असतील तर त्या जुन्या डागात शिसं असायची दाट शक्यता आहे. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या लाईनला शिशाचा डाग १९८६ साली बंद केला, त्याआधीचं काम असेल तर मी म्हणेन ते पाईप काढून भंगारात घाला, तांब्याला भाव चांगला मिळतो. आणि राखाडी रंगाचा, जरा वाकणारा प्लास्टिकचा पाईप दिसला, अमेरिकन गाडी असेल आणि साल साधारण १९७८ ते १९९५ मधलं असेल, तर तो पॉलिब्युटिलीन असू शकतो. पाण्यातल्या क्लोरीनने तो आणि त्याचे फिटिंग आतून ठिसूळ होतात, बाहेरून चांगला दिसतो आणि अचानक तडकतो. त्यावरून अमेरिकेत मोठा कोर्टाचा दावा झाला आणि १९९५ मधे तडजोड झाली. असा पाईप ठिगळं लावून ठेवू नका. आपल्याकडचे जुने प्लंबर चुडीला, म्हणजे पाईपाच्या आट्यांना, सफेदा आणि धागा लावायचे, जुना सफेदा म्हणजे शिशाचाच रंग असायचा, त्यामुळे पिण्याच्या लाईनला टेफ्लॉन टेपच वापरा.

आता टाकी. पत्र्याची जुनी टाकी आतून बघायची तर मोबाईलचा टॉर्च लावून तोंडातून आत व्हिडिओ काढा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या टाकीच्या तळाला गंजाचे पोपडे आणि बोटभर गाळ होता. ती घासून रंग मारून वापरू असं मामांचं म्हणणं होतं, मी नाही म्हटलं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून रंग मारायचा नाही. फूडग्रेड प्लास्टिकची टाकी घ्या आणि ती काळी किंवा गडद रंगाची घ्या, पांढरी अर्धपारदर्शक घेतली तर उजेडाने आत शेवाळ धरतं, आपल्याकडच्या उन्हात तर आठवड्यात हिरवी झाक दिसते.

टाकी किती मोठी घ्यायची याचं गणित आधी वजनाचं करा, पाण्याचं नंतर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली म्हणजे गाडीत शंभर किलोचा माणूस येऊन बसला, आणि तो कुठे बसला याला फार महत्त्व आहे. समजा टाकी चाकांच्या एक मीटर मागे बसवली आणि हूक चाकांपासून साडेतीन मीटर पुढे आहे, तर तराजूच्या दांडीसारखं होतं, टाकी भरल्यावर हुकावरचं वजन जवळजवळ एकोणतीस किलोने हलकं होतं. हुकावर साठ किलो भार असेल तर निम्मा गेला. पुढून हलका झालेला ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो, आणि मागून मोठा ट्रक जोरात गेला की ते झोके सावरत नाहीत. म्हणून टाकी चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, आणि जमेल तितकी खाली. अर्धी भरलेली टाकी तर अजून वाईट, पाणी इकडून तिकडे आपटतं. आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी मिळाली तर उत्तम, नाहीतर प्रवासात एकतर पूर्ण भरलेली न्या नाहीतर रिकामी न्या आणि मुक्कामाला भरा. आम्ही साठ लिटरची घेतली. दोन माणसं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं, आंघोळ बाहेर बादलीने, यात ती दीड दिवस आरामात जाते.

टाकीला दोन भोकं सगळ्यांना माहीत असतात, भरायचं आणि काढायचं. तिसरं भोक हवेचं, आणि ते लोक विसरतात. पाणी बाहेर काढलं की त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे, आली नाही तर टाकी आतून आवळते, पातळ प्लास्टिकच्या टाकीच्या भिंती अक्षरशः आत ओढल्या जातात आणि पंपाला पाणी मिळेनासं होतं. भरतानाही तेच, हवा बाहेर निघाली नाही तर पाणी गडगड करत तोंडातून परत उसळतं. ठिबकच्या मेनवर आपण उंच जागी एअर व्हॉल्व्ह लावतो ते याच कारणासाठी. टाकीच्या सगळ्यात वरच्या भागातून अर्धा इंची नळी काढा, ती वर नेऊन वळवून गाडीच्या बाहेर तोंड खाली करून सोडा, आणि टोकाला बारीक जाळी बांधा. जाळी बांधलीच पाहिजे, कारण कुंभारीण माशी असल्या नळीत मातीचं घर करते आणि नळी पूर्ण बुजते. आमच्या गाडीची नळी अशीच बुजलेली निघाली. मला वाटलं सापडलं कारण! नळी साफ केली, पंप लावला, नळ तरी कोरडाच.

तर आता मुख्य गोष्ट, ज्यावर आमचे पंधरा दिवस गेले.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं बघितलं तर पंप फक्त आपल्या तोंडाशी हवा विरळ करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला ढकलत पंपात आणतो. म्हणूनच विहिरीवरची साधी मोटर सात-आठ मीटरच्या खालचं पाणी घेऊ शकत नाही, हवेच्या दाबाची ताकदच तेवढी, आणि म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवतात. आता या ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते पंप या तुकड्यात, एखादा जॉइंट सैल असेल तर काय होईल? पाणी बाहेर टपकणार नाही. कारण तिथे आत दाब कमी आहे आणि बाहेर जास्त. तिथून हवा आत जाईल. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथे होतो, पंपाच्या पुढची गळती ओली असते आणि पंपाच्या मागची गळती कोरडी असते. पुढच्या बाजूला तुम्ही हात फिरवला तर ओल लागते. मागच्या बाजूला हात फिरवून काहीच कळत नाही, सगळं खडखडीत कोरडं, आणि माणूस म्हणतो इथे काही प्रॉब्लेम नाही, पंपच गेला असणार.

विहिरीवर हे आपण रोज बघतो. फूटव्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे फुटबॉल म्हणतात, तो नीट बसत नसेल किंवा सक्शनच्या, म्हणजे ओढीच्या पाईपाला केसाएवढी चीर असेल तर मोटर पाणी सोडते, मग बादलीने पाणी भरा आणि परत चालू करा. मोटरवाला पण पहिल्यांदा सक्शनच बघतो. तोच माणूस कॅराव्हॅनमधे आला की हे विसरतो कारण इथला पंप डब्यात बंद असतो आणि बारीक असतो. आम्ही पण नवीन पंप आणला. लावला. तसाच घुरघुरत राहिला, नळातून एक गुळणी पाणी, मग हवा, मग काही नाही.

शेवटी एक सोपी टेस्ट केली ती तुम्ही पहिल्याच दिवशी करा. पंपाचा टाकीकडचा पाईप काढा, तिथे हातभर लांबीची नवीन नळी लावा आणि तिचं टोक सरळ पाण्याच्या बादलीत बुडवा. पंपाच्या पुढचा पाईपही काढा आणि त्याचं तोंड दुसऱ्या बादलीत सोडा. आता चालू करा आणि घड्याळ लावा. या गाड्यांना लागणारा साधारण पंप मिनिटाला दहा-अकरा लिटर पाणी देतो, म्हणजे दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली पाहिजे. भरली, तर पंप चांगला आहे, त्याला हात लावू नका. मग पुढचा पाईप परत जोडा आणि नळ सोडा, मागे अजून बादलीच. नळाला जोरात पाणी आलं तर पुढची लाईनही मोकळी आहे, दोष टाकी ते पंप यातच आहे. आमचं तसंच निघालं. मग त्या तुकड्यात पंपाच्या जवळ वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि टाकीवर चालू केलं, तर नळीतून बुडबुड्यांची माळच जाताना दिसली.

हवा शिरत होती ती कॅम्पवाल्यांनी जुन्या पायाच्या पंपाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड मारून नवीन लाईन जोडली होती तिथून. पायाच्या पंपाचं आतलं रबर वाळून तडकलेलं, त्यातून हवा सरळ सक्शनला. पाणी एक थेंब गळत नव्हतं. तो टी काढला, पायाचा पंप लाईनमधून वेगळा केला, सरळ नळी टाकली आणि पाणी आलं. मामांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरून घेतला.

सक्शनची नळी कशी घ्यायची तेही सांगतो. साधी मऊ नळी ओढीने चपटी होते, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या वर जातं, पत्र्याच्या गाडीत तर त्याहून जास्त, गरम झालेली नळी अजूनच पटकन चिकटते. आत स्प्रिंग असलेली सक्शन नळी घ्या, फूडग्रेड. लांबी कमीत कमी, वळणं कमीत कमी, प्रत्येक टोकाला स्टीलचा स्क्रूवाला क्लॅम्प, तारेने आवळू नका. जाळीचा फिल्टर पंपाच्या आधी लावायचा, नंतर नाही, कारण प्लास्टिकचा एक कीस पंपाच्या आतल्या पडद्यावर अडकला की व्हॉल्व्ह बंद होत नाही. आणि त्या जाळीच्या झाकणाची रबर रिंग बघा, जाळी धुवून परत लावताना ती वाकडी बसली की परत हवा, परत तोच खेळ.

बरेच जण विचारतात की फवारणीच्या चार्जिंगच्या पंपातला पंप बसवला तर चालेल का, तोही बारा व्होल्टचाच असतो. जात एकच आहे, आत रबरी पडदा आणि प्रेशर स्विच. पण ज्यातून एकदा औषध फवारलं आहे तो पिण्याच्या पाण्याला कधीच वापरायचा नाही, कितीही धुतला तरी नाही, ते रबरात मुरलेलं असतं. नवा घेतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून बनवलेला आहे का ते बघून घ्या. पाणी शुद्ध करायच्या घरच्या मशिनमधला पंपही दिसायला तसाच असतो पण तो थेंब थेंब देणारा, नळाला उपयोगाचा नाही.

वायरबद्दल एक गोष्ट थोडक्यात, कारण इथेही चांगले पंप बदनाम होतात. घरच्या २३० व्होल्टला बारीक वायर चालून जाते, बारा व्होल्टला नाही. पंप सात अँपिअर घेत असेल आणि बॅटरी चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तार झाली, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर दीड व्होल्ट वाटेतच संपतो आणि पंप रडत चालतो. तेच २.५ ची टाकली तर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी जातं. बॅटरीजवळच दहा अँपिअरचा फ्यूज, पंपाच्या डब्यात लिहिलेला असेल तर त्या आकड्याचा.

आता पंपाच्या पुढची, दाबाची बाजू. आपण शेतात प्रेशर किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो असं मोजतो, दोन किलो, अडीच किलो, तेच इथे धरू. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याने एक किलो दाब मिळतो, म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून सहा मीटर वर असेल तर जेमतेम ०.६ किलो. पांझरा नदीवरच्या फड बागायतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने नुसत्या उताराने शेतात जातं, तिथे दाबाची गरजच नाही, उतार पुरतो. गाडीच्या टपावर टाकी ठेवली तर असंच दोन मीटरचं, म्हणजे ०.२ किलोचं पाणी मिळेल, भांडी धुवायला चालतं, पण टपावर वजन घेऊन गाडी हाकायची नाही, वळणावर कलंडते. पंपाचा मामला वेगळा, तो अडीच ते चार किलोच्या दरम्यान बंद होतो. नळ बंद केला की दाब वाढतो, स्विच पंप बंद करतो, नळ सोडला की दाब पडतो, पंप चालू.

नळ बंद असताना पंप मधूनच टक्‌ करून चालू होत असेल, दर दहा मिनिटांनी, रात्री जास्त ऐकू येतं, तर कुठेतरी पाणी जातंय. एकतर पुढे ओली गळती आहे, नाहीतर पंपाच्या आतला एकदिशा व्हॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडतोय. नळ अर्धवट सोडल्यावर पंप टकटकटक करत असेल तर ती गळती नाही, तिथे छोटं अ‍ॅक्युम्युलेटर लावतात. नाव मोठं आहे, वस्तू साधी आहे, नारळाएवढं भांडं, आत रबरी पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हवा दाबली जाते आणि थोडं थोडं पाणी पुरवत राहते, पंपाला विसावा मिळतो. त्यातली हवा पंप ज्या दाबाला परत चालू होतो त्याच्या किंचित खाली ठेवायची, सायकलच्या पंपाने भरता येते.

एक धोक्याची गोष्ट. गाडीला बाहेरून सरळ पाणी जोडायचं तोंड असेल तर त्याला शेतातल्या बोअरच्या सबमर्सिबलची लाईन कधीही सरळ जोडू नका. ती मोटर शंभर मीटर उंच पाणी चढवायच्या ताकदीची असेल आणि पाणी चाळीस मीटरवर असेल, तर पुढे नळ बंद केल्यावर उरलेल्या साठ मीटरचा, म्हणजे सहा किलो दाब तुमच्या बोटाएवढ्या नळीवर येतो. आधी टाकीत पाणी घ्या मग गाडीत, किंवा मधे प्रेशर रेग्युलेटर लावून अडीच-तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका.

पाईप कोणता हा वाद आमच्याकडेही झाला, कारण जळगावला पाईपच पाईप बनतात आणि प्रत्येकाच्या शेडमधे पीव्हीसीचे तुकडे पडलेले असतात. पीव्हीसी जमिनीत गाडलेला असताना उत्तम, पण उन्हात त्याची ताकद कमी होते, ४३ डिग्रीला पाईप तेवीस डिग्रीला जेवढा दाब झेलतो त्याच्या साधारण निम्माच झेलतो. सीपीव्हीसी गरम पाण्याला चालतो पण तोही ताठ आहे, आणि गाडी खड्ड्यांतून जाते, ताठ पाईप हादऱ्याने जॉइंटला तडकतो. म्हणून चालत्या गाडीत वाकणारा पाईपच बरा, पेक्स नावाचा वाकणारा प्लास्टिकचा पाईप मिळाला तर तो, नाहीतर आत धागा विणलेली फूडग्रेड नळी. दर फूट-दीड फुटाला क्लिपने भिंतीला बांधा, आणि जिथे पत्र्याच्या भोकातून नळी जाते तिथे रबरी रिंग बसवा, ठिबकच्या सबमेनला आपण ग्रोमेट बसवतो तसंच, नाहीतर पत्रा घासून घासून नळी कापतो.

जोडून झालं की पॅनल बंद करायची घाई नको. प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा, पंपाने दाब येऊ द्या, पंप बंद करून रात्रभर राहू द्या. कागदावर थेंब पडला की डाग सुकल्यावरही दिसतो, त्यामुळे रात्री गळून सकाळी वाळलेली गळतीही सापडते. आणि मग गाडी शेतरस्त्याने दोन किलोमीटर फिरवून आणा आणि परत कागद ठेवा. आमचे दोन जॉइंट पहिल्या रात्री कोरडे होते, फिरवून आणल्यावर गळले.

आता स्वच्छता. नवीन टाकी असली तरी पहिल्यांदा क्लोरीनने धुवायची. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, वास आणि रंग न घातलेलं, एका लिटर पाण्याला एक मिली, म्हणजे साठ लिटरला साठ मिली. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरायची तर साठ लिटरला नऊ-दहा ग्रॅम, पण ती सरळ टाकीत ओतू नका, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणीच टाका. पावडर जुनी, उघडी राहिलेली असेल तर तिच्यात दम राहत नाही. एकेक नळ सोडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी जाऊ द्या, मग बंद करून चार तास ठेवा, नंतर सगळं सोडून दोनदा चांगल्या पाण्याने धुवा. पाण्याचा फिल्टर असेल तर तो आधी काढून ठेवा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड आहे, तव्यावर, हिटरवर पांढरा थर दिसतो तो हाच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे, त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा, असं आहे. हा थर नळाच्या जाळीत, पंपाच्या व्हॉल्व्हमधे बसतो. ठिबकला आपण ॲसिड देतो ते इथे द्यायचं नाही, पितळ खातं. लिंबूसत्व पुरतं, दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, तासभर लाईनमधे ठेवून धुवून टाका. पण हे आणि क्लोरीन एका दिवशी करू नका. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जीवघेणा आहे. आधी एक, भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी. गॅस गिझरबद्दलही तेवढंच कळकळीने सांगतो, कॅराव्हॅनच्या आत तो बसवू नका, जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पाणी बाहेर चुलीवर तापवा.

सांडपाण्याला दाब नसतो, फक्त उतार असतो, मीटरला दोन सेंटिमीटर धरा. गाडी उभी करताना ती लेव्हलमधे आहे का बघा, गवंड्याची पाण्याची नळी पुरते, नाहीतर सिंकमधे पाणी तुंबतं आणि आपण पाईप खोलत बसतो. सिंकखालच्या पाईपाला जे वळण असतं, ट्रॅप, त्यात पाच सेंटिमीटर पाणी कायम साचून राहतं आणि तेच खालच्या सांडपाण्याचा वास वर येऊ देत नाही. सारंगखेड्याला तापीच्या काठाशी मुक्काम, तिथे सांडपाणी जमिनीवर सोडून द्यायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. खाली वीस लिटरचा कॅन लावला आणि तो भरला की लांब नेऊन खड्ड्यात जिरवला, शोषखड्डा करतात तसा दगडगोटे घालून.

उभ्या गाडीची काळजी आपल्याकडे वेगळी. थंड देशांत सगळी भीती बर्फाची असते, पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि पाईप फाडतं, म्हणून तिकडची सगळी माहिती हिवाळ्याची असते. आपल्याला उन्हाळा सांभाळायचा. होळी झाली की टाकी पूर्ण रिकामी करा, खालचा कॉक उघडा, सगळे नळ उघडे ठेवून पंप मिनिटभर कोरडा चालवा म्हणजे त्याच्या पोटातलं पाणी निघेल, जाळीचा फिल्टर काढून धुवून तसाच सुटा ठेवा. टाकीचं झाकण जाळीच्या कपड्याने बांधा. आणि सिंकच्या ट्रॅपमधलं पाणी मे महिन्यात वाळून जातं, मग झुरळं त्याच वाटेने वर येतात, म्हणून तिथे वाटीभर पाणी ओतून त्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, तेलाखालचं पाणी लवकर उडत नाही.